जिवंत माणसांची तेरवी

सिंधूताई रिक्षातून उतरल्या तेव्हाच वच्छलाला कळलं, ही बाई जेवायला आलेली नाही. जेवायला आलेली विहीण आधी घर पाहते, मग मांडव पाहते आणि मांडव लहान वाटला तरी 'छान केलं हो' म्हणते. सिंधूताईंनी चप्पलसुद्धा काढली नव्हती. त्यांनी ओसरीवर उभ्या असलेल्या वच्छलाच्या थोरल्या जावेच्या, सरस्वतीबाईंच्या, मनगटांकडे पाहिलं.

मनगटं उघडी होती. कपाळही. उशीर झाला होता, तरी सरस्वतीबाईंनी हात पदराखाली घेतले.

"या ना ताई, पाणी घ्या," झुंबरबाई लगबगीनं पुढं झाली. सरस्वतीबाईंच्या नवऱ्याची, शालिग्रामची, ही धाकटी बहीण. भावाच्या घरात काही फुटलं, सांडलं, की आधी झाकण टाकायचं आणि मग काय सांडलं ते पाहायचं, हा तिचा जन्माचा उद्योग. फाल्गुनात सरस्वतीबाईंच्या मुलीचा, योगिनीचा, साखरपुडा झाला तेव्हा 'वहिनीले ताप आहे' म्हणून सरस्वतीबाईंना आतल्या खोलीत निजवून ठेवण्याची युक्ती तिचीच. ताप नसताना दुपारभर पांघरूण घेऊन पडायचं म्हणजे फाल्गुनात सोपं नसतं. तेही सरस्वतीबाईंनी केलं होतं.

"पाणी नको. आधी एक सांगा." सिंधूताई खाटेच्या कडेला टेकल्या. देऊळगाव राजाची बाई, बोलणं सावकाश, पण एकही शब्द वाया न घालवणारं. "मोताळ्याच्या बाजारात आमच्या पुतण्याला एकानं म्हणलं, अरे, तुमची विहीण तर मेलेली आहे. तिची तेरवी मी जेवलो. मी म्हणलं, काहीतरी चेष्टा असंल. लाडू होते म्हणे."

"लाडू नाई, बुंदी होती," झुंबरबाई म्हणाली आणि जीभ चावली.

 अंगणातल्या निंबाखाली शालिग्राम बसला होता. पौषापासून त्याची जागा तीच. पूर्वी हा माणूस घरात आला की आवाज आधी यायचा. आता कोणी नाव घेतलं तरी तो आधी इकडं तिकडं पाहायचा, दुसऱ्या कोणाला हाक मारली असेल म्हणून.

तेरवी झाली होती हे खरं.

सातपुड्यात, जळगाव जामोदच्याही पुढं, जिथं एक पाय महाराष्ट्रात आणि दुसरा मध्यप्रदेशात पडतो तिथं, निमबर्डी नावाच्या टेकडीवर एक बाबा येऊन बसला होता. भक्त त्याला 'दाता' म्हणत, बाकीचं जग अखेरबाबा. पौषाच्या अमावास्येला डोंगर दुभंगणार, नर्मदा आणि तापी एक होणार, खालचं सगळं बुडणार आणि बर्डीवर असतील तेवढेच पार होणार, असं त्याचं सांगणं. ऐकणाऱ्यांत शालिग्राम होता. वांगी-मिरचीच्या वाफ्यात ज्याचा हात कोणी धरू शकत नव्हता, त्यानं त्या हंगामात मिरचीचं रोप टाकलंच नाही. कशाला टाकायचं? तोडायला कोण असणार होतं?

पण बाबाची खरी अट वेगळीच होती. बुडालेल्या जगात पिंड द्यायला कोणी उरणार नाही, म्हणून ज्यानं त्यानं आपलं उत्तरकार्य आधीच उरकून वर यायचं. संसाराची एकही गाठ अंगावर ठेवायची नाही. नवऱ्यानं बायकोचा पिंड द्यायचा. बायकोनं नवऱ्याच्या नावानं बांगड्या उतरवायच्या.

असली तेरवी गावानं पाहिली नव्हती. मेलेला माणूस स्वतः पंगतीतून फिरत होता आणि 'घ्या हो, अजून घ्या' म्हणून बुंदी वाढत होता. गाव हसलं. हसत हसत जेवलं. ज्यांना हे पटलं नव्हतं ते दोनदा वाढून घेऊन जेवले. कोणी ताट सारून उठलं नाही की म्हणालं नाही, शालिग्राम, हे आमच्या घशाखाली जात नाही. कोण कुठं बसलं होतं ते वच्छलाला आजही डोळ्यापुढं दिसे, आणि त्या पंगतीत तिचं स्वतःचं पानही दिसे.

बांगड्या फोडायची वेळ आली तेव्हा सवाष्णी एकेक करून मागं सरकल्या होत्या. मग सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत वच्छलावर येऊन थांबल्या. तिचा नवरा उत्तमराव जाऊन वर्षं लोटली होती. असल्या कामाला तिच्याखेरीज घरात कोण होतं? सरस्वतीबाईंनी निमूटपणे हात पुढं केला, आणि वच्छलानं तो धरला. तिला 'नाही' म्हणता आलं असतं. पण इतकी वर्षं हळदीकुंकवाच्या वेळी आपण मागच्या खोलीत बसतो आणि थोरली जाऊ पुढं मिरवते, हे आत कुठंतरी साचलेलं होतं. पहिली बांगडी फुटली तेव्हा हाताला काय वाटलं, ते तिनं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. शेवटची फुटली तेव्हा मात्र तिनं ते मनगट लगेच सोडलं नव्हतं.

"माझं वैर नाही बगा," सिंधूताई म्हणत होत्या. "योगिनी आम्हाला पसंत आहे. आमचा प्रज्वल तर तिचंच नाव घेऊ राहिलाय. पण उद्या पहिली हळद आई लावते. आता ही आई सवाष्ण म्हणायची, विधवा म्हणायची का गेलेली म्हणायची, तेवढं मला सांगा. माझ्या मोठ्या लेकीच्या लग्नात मी काही पाहिलं नाही, काही विचारलं नाही. पुढं तिचं काय झालं ते माझं मला माहीत."

यावर हसणं शक्य नव्हतं. त्या खोटं बोलत नव्हत्या, हे त्यांच्या हाताकडं पाहून कळत होतं. हात पदराचं टोक पिळत होता.

कुलदीपनं खिशातून फोन काढला. वच्छलाचा हा मुलगा. थोरल्या काकानं हंगाम सोडून दिल्यावर दोन्ही घरांची शेती यानंच ओढली होती, आणि त्याबद्दल तो कोणाला काही बोलला नव्हता. त्यामुळं घरात त्याचा शब्द आपोआप जड झाला होता. "आपण भांडत कायले बसाचं? गुरुजीलेच पुसू."

गुरुजी बुलढाण्याला होते, दुसऱ्या लग्नात. स्पीकरवर आधी बँड ऐकू आला, मग गुरुजी.

"असं प्रकरण शास्त्रात आहे," ते म्हणाले, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. "मेला समजून ज्याचं क्रियाकर्म झालं तो परत आला, तर त्याचा नवा जन्म धरायचा. तुपाचं स्नान. मग बारसं. मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न. सकाळी लवकर बसले तर हळदीआधी उरकतं."

"बारसं?" झुंबरबाई म्हणाली. "दादाचं? दादाले पाळण्यात कोन टाकन, बाप्पा?"

"पाळणा नाही लागत. कानात नाव सांगितलं की झालं."

"मोठे बाबा, नाव बदलून घ्याचं असन त हाच टाइम आहे," कुलदीप काकाकडं पाहत म्हणाला.

निंबाखाली शालिग्राम कितीतरी महिन्यांनी हसल्यासारखा दिसला. मग उठला, ओसरीच्या पायरीपाशी आला आणि हात जोडून सिंधूताईंपुढं उभा राहिला. "मी तयार आहो. जे सांगसान थे करतो. माह्यामुळं पोरीचं अडू नका देऊ."

झालं. ओसरी एकदम सैल झाली. सिंधूताईंनी चप्पल काढली, पाणी घेतलं. झुंबरबाईला तर कंठ फुटला. "पाहा बाई, आपल्याच नवऱ्यासंग पाट. असा पाट कोनी लावला नसन. वच्छला, कासाराले फोन लाव. हिरव्या भरू. लुगडं मी माह्या पेटीतलं देते, नवंच आहे. आन् सकाळी चूल लवकर पेटव, पाहुण्याइच्या आधी आपलं उरकून..."

"मले कोनी पुसलं नाई."

सरस्वतीबाई केव्हा आत गेल्या आणि केव्हा चुलीपाशीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, कोणी पाहिलं नव्हतं. हाताला पीठ होतं.

"काय पुसाचं त्याच्यात, वहिनी?" झुंबरबाई म्हणाली.

"पयल्यांदा लगन झालं तवाबी कोनी नव्हतं पुसलं. तवा मी लहान होती. आता गुरुजी म्हंते नवा जन्म. मंग नव्या जन्मात तरी पुसा का नाई?" आवाज चढलेला नव्हता. भाकरीला पाणी किती लागेल ते सांगावं तसा होता. "आंघोळ करते मी. नावबी घेते. जिवंत होते. पन बायको नाई होत."

फोनमधून बँड वाजतच होता. कुलदीपनं तो बंद केला नाही. त्याला सुचलंच नाही.

"तुले कोनी भरवलं?" झुंबरबाईनं वच्छलाकडं पाहिलं. दोन जावांचं जमलं की नणंदेला ते आधी दिसतं, नसलं तरी.

"मले कोन भरवन? मी बर्डीवर होती ना, झुंबरबाई. तुमी नव्हत्या." सरस्वतीबाईंनी हाताचं पीठ झटकलं. "कायी रात, थंडी, धुन्या पेटलेल्या. सगळे ओळीनं बसलेले, पांढरी चादर पांघरून. बाबा म्हने शुक्राची चांदनी वर आली का पानी येते. आमी हातात हात धरून बसलो होतो. मले काई भेव नव्हतं वाटलं. खोटं कायले सांगू? मले वाटलं, इतक्या वर्साचा संसार झाला, जातो त संगच जातो. आन् मंग खालून घरघर आली. कोनी तरी बोंबललं, आलं, पानी आलं. थे बऱ्हाणपूरकडचे टरक होते, घाट चढत होते. पन तवा कोनाले मालूम? हे उठले. मले वाटलं, मले उठवाले उठले. यायनं हात सोडला आन् पुढं पयाले, बाबाच्या पायाकडं. जागा धराले. मांगं पाह्यलं नाई."

शालिग्राम खाली पाहत होता.

"बाजूले एक अनोळखी बाई होती, खंडव्याकडची. तिनं माहा हात धरला. टरक निंघून जायेपर्यंत धरून ठेवला. तिच्यासंग लावून देत असान लगन, त बसते मी उद्या पाटावर."

सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसू दाबत होत्या की आणखी काही, वच्छलाला कळलं नाही. पण त्यांनी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा आवाजातली धार गेली होती. "भाऊ, तुम्ही काही म्हणा."

"मले वाटलं," शालिग्राम म्हणाला आणि थांबला. "मले वाटलं, बाबाजवळ जागा भेटली का मंग इले ओढून घेईन."

किती खरं आणि किती नंतर सुचलेलं, ते त्यालाही ठाऊक नसावं. सरस्वतीबाईंनी मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच. मानलं असं नाही.

योगिनी आतून आली. मेंदी वाळत होती म्हणून दोन्ही हात लांब धरलेले. बी.एड. झालेली, गावच्या पोरांना धाकात ठेवणारी मुलगी, पण आईपुढं उभी राहिली तेव्हा शाळेतून रडत आलेल्या पोरीसारखी दिसली. "आई, माह्यासाठी. एका दिवसाचं त आहे. मंग तू बोलू नको त्यायच्यासंग, जेवू नको, काहीबी कर. उद्या फक्त हळद लावून दे."

वच्छलाला वाटलं, आता ही वाकणार. याच्यापुढं कोणती आई टिकते?  सरस्वतीबाईंचा हात मुलीच्या गालाकडं निघाला. हाताला अजून पीठ होतं, की दुसरं काही आठवलं; हात मधेच थांबला.

"तुह्यासाठीच मी बर्डीवरून आली, बाई," त्या म्हणाल्या. "बरीच लोकं राह्यली तिथं. बाबानं पुढली अमावास्या सांगतली. हे बी राहून राह्यले होते. मी म्हनलं, पोरीचं लगन कराचं आहे, मी जाते. मंग हे मांगं आले. तुह्यासाठी मी जित्ती झाली. आता खोट्या बांगड्या भरून तुले हळद लावू? थे लागन का तुले?"

 मेंदीचे हात तसेच लांब धरून योगिनी आत गेली.

तेव्हा वच्छला उठली. पाहुण्यांच्या बैठकीत ती कधी उठून बोलत नसे. "गुरुजी," ती कुलदीपच्या हातातल्या फोनकडं तोंड करून म्हणाली, "बांगड्या मी फोडल्या होत्या. फोडनारीनंच पुन्हा भरल्या त नाई चालत का? लगन नाई, काई नाई. जिथून बिघडलं तिथूनच नीट करू."

गुरुजींकडून फक्त बँड आला. मग ते म्हणाले, "तुम्ही कोण?"

"धाकटी जाऊ."

"तुमचे यजमान?"

वच्छलानं उत्तर दिलं नाही. गुरुजी समजले. "तसं शास्त्रात नाही, बाई."

चहा होईपर्यंत ठरून गेलं. पहिली हळद आत्या लावेल. सिंधूताईंनीच सुचवलं आणि झुंबरबाईनं 'माह्याच्यानं कसं होईन, वहिनीच्या जागी' म्हणत डोळे पुसले; पण पुसता पुसता उद्याचं लुगडं कोणतं, हे तिच्या मनात ठरूनही गेलं होतं. वच्छलाला तिचा राग आला नाही. कुठंही पहिली जागा न मिळालेल्या माणसाला ती अशीच मिळते, दुसऱ्याची सुटून.

जाताना सिंधूताई सरस्वतीबाईंपाशी थांबल्या. "मला तुमच्यासारखं बोलता आलं असतं ना," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून रिक्षाकडं वळल्या.

सकाळी गुरुजी आले. न्हाणीत तूप लावून दोघांची स्नानं झाली, वेगवेगळी. शालिग्रामच्या कानात शालिग्राम म्हटलं गेलं, सरस्वतीबाईंच्या कानात सरस्वती. दोन्ही वेळा गुरुजींनी 'बदलायचं का?' म्हणून विचारलं होतं. शालिग्राम काही क्षण थांबला होता. सरस्वतीबाईंनी लगेच 'नाई' म्हटलं. मग गुरुजींनी लग्नाचं सामान पिशवीतच ठेवलं आणि हळदीची तयारी मांडायला घेतली.

मांडवात बायका गायला लागल्या तेव्हा दोघी जावा मागच्या खोलीत होत्या. पुरणाची डाळ शिजत होती. इथून दाराच्या फटीतून पाटाचा एक कोपरा दिसतो, हे वच्छलाला पाठ होतं. पुतण्यांची, भाच्यांची, स्वतःच्या कुलदीपचीसुद्धा हळद तिनं त्या फटीतून पाहिली होती. दर वेळी तिला वाटे, इथं सोबतीला कोणी असतं तर. आज सोबत होती. शेजारी, गुडघे जवळ घेऊन, फटीकडं पाहत बसलेली. वच्छलाला ती नको होती. तिला वाटलं, उठावं आणि या बाईला खांद्याला धरून बाहेर ढकलून यावं.

फटीतून योगिनी दिसली. झुंबरबाईनं पहिली हळद लावली, तिच्या कपाळावर, गालांवर, हातांवर. योगिनी मान वळवून मागच्या दाराकडं पाहत होती. सरस्वतीबाई पटकन बाजूला सरकल्या, भिंतीला टेकून बसल्या, मुलीच्या नजरेला सापडू नये म्हणून.

"पाह्यलं असतं त काय झालं असतं?" वच्छला म्हणाली.

"रडली असती. हळद ओली आहे, ओघळली असती."

परसदारी पाय वाजले. शालिग्राम होता. नव्या जन्माचं नवं धोतर, केसात अजून तुपाचा वास. तो आत आला नाही. उंबऱ्यावर वर्तमानपत्राची एक पुडी ठेवली. "मोताळ्याहून आणल्या. भर म्हनत नाई. आपल्या फक्त असू दे घरात," तो सरस्वतीबाईंकडं न पाहता म्हणाला, आणि निंबाकडं वळला. मग त्याचं काय झालं कोण जाणे, वळला तो पुन्हा मागं पाहायला थांबला. दाराकडं पाहत राहिला. बराच वेळ. बर्डीवर जे राहून गेलं ते आज करून पाहत असावा तसा.

सरस्वतीबाईंनी पाहिलं की नाही, वच्छलाला कळलं नाही. त्या पुडी उलगडत होत्या. आत हिरव्या बांगड्या होत्या, चांगल्या, जाड काचेच्या. त्यांनी एक बोटांपाशी नेली. ती अंगठ्याच्या सांध्याशीच अडली.

ते मनगट वच्छलानं हातात धरलं होतं. माप चुकलंय हे तिला पाहताक्षणी दिसलं होतं.

"लग्नातलं माप आहे हे," सरस्वतीबाई म्हणाल्या. बांगडी काढून त्यांनी उजेडात धरली. "येवढंच ध्यानात राह्यलं त्यायले. माहा हात मंग वाढला, थे पाह्यलंच नाई."

बाहेर गाणं चढत होतं.  मग सगळ्या बांगड्या एकावर एक रचून त्यांनी वच्छलाच्या ओंजळीत ठेवल्या.

"योगिनीच्या हाताले येतीन. जाय, देऊन ये."

"मी?" वच्छला म्हणाली. "मांडवात? आता, हळदीत?"

"मंग कोन?"

"लोकं काय म्हनतीन, बाई. झुंबरबाईले हाक मारते."

"झुंबरबाईनं नव्हत्या फोडल्या," सरस्वतीबाई म्हणाल्या. ओठाच्या कोपऱ्यात जुनी, थोरल्या जावेची थट्टा आली होती. पौषापासून ती कोणी पाहिली नव्हती. "सांगजो, बापानं आणल्या. आन् हळू ने. या बारीले फोडाची घाई करू नको."

वच्छला उठली. मागच्या खोलीचा उंबरा तिनं ओलांडला तेव्हा दाराजवळची एक बाई गाता गाता थांबली, मग तिच्या शेजारची. सिंधूताई पाटाजवळ बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या ओंजळीकडं, आणि काही न बोलता गुडघा आवरून घेतला, एक माणूस जाईल एवढा.

वच्छला निघाली. बांगड्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून तिनं दोन्ही हातांनी त्या छातीशी घट्ट धरल्या होत्या.